राजाराणीच्या रांगेत एक सुतार

जुन्या इंग्लिश फर्निचरच्या शैली बहुतेक गादीवर बसलेल्यांच्या नावाने ओळखल्या जातात: विल्यम आणि मेरी, क्वीन ॲन, जॉर्जियन. या मालिकेत 'चिपेंडेल' हे नाव कसं शिरलं? थॉमस चिपेंडेल हा यॉर्कशायरमधल्या ऑटली गावच्या सुताराचा मुलगा, जन्म १७१८चा.

लंडनमध्ये त्याच्या तोडीचे कारागीर आणखीही होते. फरक पडला तो पुस्तकाने. १७५४ साली त्याने 'द जंटलमन अँड कॅबिनेट-मेकर्स डायरेक्टर' हा नक्षीकामाचा जाडजूड संग्रह काढला. त्यात १६० चित्रपानं होती. आधीच वर्गणी भरलेल्या सुमारे तीनशे जणांत सरदार-उमराव होते, तसेच धंद्यातले सुतारही. म्हणजे गिऱ्हाइकाने चित्रावर बोट ठेवायचं आणि कुठल्याही गावच्या सुताराने तसं घडवून द्यायचं! फ्रेंच रोकोको म्हणजे वळणदार, नाजूक नक्षीची शैली, गॉथिक म्हणजे टोकदार कमानी, 'चिनी' जाळी, सगळं एकाच पुस्तकात. रिबिनीच्या गाठी कोरलेल्या पाठीच्या खुर्च्यांबद्दल तर, आपण पाहिलेल्यांत याच सर्वोत्तम, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. विनय हा काही त्याचा गुण नव्हता.

असं नाजूक कोरीवकाम टिकायला लाकूडही तसंच घट्ट हवं. ते महोगनीने दिलं. अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरचं आयातशुल्क १७२१ साली उठलं आणि जमैकाची महोगनी लंडनला येऊ लागली. ती तोडणारे हात गुलामांचे होते, हे या देखण्या खुर्च्यांच्या वर्णनात सहसा येत नाही.

पुस्तक अटलांटिकपलीकडेही गेलं. फिलाडेल्फियाच्या कारागिरांनी त्यातल्या नक्षी उचलल्या, त्यांत आपलं घातलं, आणि तेही 'चिपेंडेल' झालं. गंमत म्हणजे गोळा पकडलेल्या पंज्याचे जे पाय आज या शैलीची खूण मानले जातात, ते डायरेक्टरमध्ये नाहीतच.

नाव एवढं झालं तरी पैशाची ओढाताण सुटली नाही. बडी गिऱ्हाइकं बिलं थकवत. १७७९ साली तो वारला, पुढे १८०४ मध्ये मुलाचं दिवाळं निघालं. मालावर शिक्का मारायची त्याची पद्धत नव्हती. त्यामुळे त्याच्याच कारखान्यातली वस्तू ओळखायची तर हेअरवुड, नॉस्टेल, डम्फ्रीज अशा हवेल्यांच्या दप्तरातली जुनी बिलं नि पत्रं चाळावी लागतात.