दुष्काळाच्या काळातल्या सुतापासून पुरातल्या मागापर्यंत: कारागिराचा माल घेऊन मदत करण्याची पार्श्वभूमी

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराचे पाणी माढा, करमाळा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत शिरले. कुठेही असा पूर किंवा भूकंप झाला की हल्ली एक आवाहन हमखास येते: नुसती देणगी देऊ नका, तिथल्या कारागिरांचा माल विकत घ्या. आवाहन चांगले आहे, पण ते नवे नाही. सोलापूरपुरते बोलायचे तर या विचाराला सव्वाशे वर्षांहून जास्त काळ झाला आहे.

शहराच्या पूर्व भागातली पद्मशाली वस्तीच मुळी स्थलांतरातून उभी राहिली. तेलंगणातली, म्हणजे तेव्हाच्या निजामी मुलखातली विणकर कुटुंबे एकोणिसाव्या शतकात कामाच्या शोधात इकडे आली. दुष्काळ हे त्यामागचे एक मोठे कारण होते. १८७६-७८ च्या महादुष्काळात खुद्द सोलापूर जिल्हाही होरपळला. सरकारी मदत म्हणजे मुख्यतः खडी फोडणे, तळी खोदणे आणि रस्ते बांधणे. शेतमजुराला हे काम जमते. विणकराला मात्र त्यातून दोन पैसे मिळाले तरी त्याचे हात सोलवटतात आणि बारीक सूत हाताळणे त्याला जड जाते. शिवाय कुटुंब खडीच्या कामावर गेले की घरातला माग बंद पडतो. कांड्या भरणारी, ताणा (कापडाचे उभे धागे) करणारी घरातली माणसेही पांगतात.

विणकरावर दुष्काळ कोसळतो तो गिऱ्हाईक आटल्यामुळे, हे इथे नीट समजून घ्यायला हवे. पीक गेले की शेतकरी सर्वात आधी लुगडे-धोतर घेणे थांबवतो. बाजारात सूत असते, हातात कसबही असते, पण कापड उचलायला कोणी नसते आणि उधारीवर सूत देणारा सावकार हात आखडता घेतो. म्हणून दुष्काळ संहितांमध्ये, म्हणजे मदतकार्याच्या सरकारी नियमावल्यांमध्ये, कारागिरांना त्यांच्याच धंद्यात काम देण्याचा विचार आला. सूत पुरवायचे, विणाईची मजुरी द्यायची, तयार कापड साठवायचे आणि दिवस फिरले की विकायचे.

१८९६-९७ च्या दुष्काळात सोलापूर आणि अहमदनगरच्या विणकरांचे हाल ऐकून लोकमान्य टिळक तिथे गेले. स्थानिक मंडळींशी बोलून त्यांनी एक योजना आखली. स्थानिक समित्यांनी सरकारच्या सहकार्याने विणकरांना त्यांच्या धंद्यातच आधार द्यावा, अशी ती होती. तशाच प्रकारची व्यवस्था वायव्य प्रांतात (आजच्या उत्तर प्रदेशाच्या भागात) सुरू होती. मुंबई सरकारने मात्र ही योजना मान्य केली नाही.

अशा योजनांपुढची अडचण खरीच होती. विणलेल्या कापडाचा ढीग साठतो, भांडवल त्यात अडकते, आणि कमी भावाने एकदम विकायला काढले तर मदत न मिळालेल्या विणकरांचाही बाजार पडतो. आपत्तीनंतरच्या खरेदीत आजही हाच प्रश्न सर्वात अवघड आहे.

पुढे अशाच विचारातून पाश्चात्त्य देशांत फेअर ट्रेडची, म्हणजे कारागिराला रास्त मोबदला देणाऱ्या व्यापाराची, चळवळ उभी राहिली. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या एडना रूथ बायलर यांनी प्वेर्तो रिकोतल्या गरीब बायकांचे भरतकाम आपल्या ओळखीत विकायला सुरुवात केली. १९४९ मध्ये अमेरिकेतल्याच एका चर्चने दुसऱ्या महायुद्धातल्या युरोपीय निर्वासितांच्या वस्तू विकण्यासाठी ‘सर्व्ह’ ही संस्था काढली. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या ऑक्सफॅमच्या दुकानांत हाँगकाँगमधल्या चिनी निर्वासितांनी केलेल्या टाचणीच्या उशा विकल्या जात होत्या. युद्ध, निर्वासन आणि उपासमार यांतूनच ही चळवळ निघाली. नियम पुढे आले. त्यांतला एक नियम आपत्तीच्या वेळी सर्वात मोलाचा आहे: हस्तकलेच्या मालासाठी कारागिराने मागितल्यास ऑर्डरच्या किमान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची.

हे ५० टक्के का लागतात, ते पाणी शिरलेल्या घरातला हातमाग पाहिला की कळते. खड्ड्याच्या मागात पायपट्ट्या जमिनीखाली असतात. पूर ओसरला तरी खड्ड्यात गाळ बसलेला असतो आणि ओल बरेच दिवस जात नाही. लाकडी चौकट घाईने उन्हात वाळवली तर ती पिळवटते. मग ताणा एका बाजूला ढिला आणि दुसऱ्या बाजूला ताठ राहतो, कापड वाकडे उतरते. ती सावलीत, हवेवर सावकाश वाळवावी लागते. विणलेला धागा ठोकून बसवणारी लोखंडी फणी गंजली तर प्रत्येक ठोक्याला गंजाचा डाग कापडावर उमटतो, त्यामुळे ती बदलणेच बरे. मागावर चढवलेला ताणा भिजला की खळ सुटते आणि सूत तुटू लागते. तो बहुतेक वेळा कापून टाकावा लागतो. जकार्ड (मागावर नक्षी उठवणारे यंत्र) असेल तर नक्षीचे भोके पाडलेले पुठ्ठे फुगतात, आणि फुगलेला पुठ्ठा सुयांना चुकीचा इशारा देतो. नवे पुठ्ठे पाडायचे म्हणजे पुन्हा खर्च. एवढे सगळे होईपर्यंत विकायला एकही नग नसतो.

म्हणजे ज्या आठवड्यात लोकांचा उत्साह सर्वाधिक असतो, नेमक्या त्याच आठवड्यात कारागिराकडे माल नसतो. मग ती पोकळी कोण भरतो? व्यापारी. कुठल्या तरी यंत्रमागाचे कापड ‘पूरग्रस्त विणकरांचे’ म्हणून खपते आणि ज्याच्या नावावर ते खपते त्याला त्यातले काहीच मिळत नाही.

ऑगस्ट २०१८ च्या केरळच्या पुरात चेंदमंगलमच्या हातमाग विणकरांचा ओणमसाठी तयार असलेला माल चिखलात गेला. डाग निघेनात. तेव्हा लक्ष्मी मेनन आणि गोपीनाथ पारायिल यांनी त्या साड्या निर्जंतुक करून, उकळून, कापून त्यांच्या ‘चेक्कुट्टी’ बाहुल्या करायची कल्पना काढली. एका साडीतून सुमारे ३६० बाहुल्या होत आणि एक बाहुली २५ रुपयांना विकली जाई. म्हणजे दीड हजारांच्या आत विकली जाणारी साडी खराब होऊनही ९,००० रुपये देऊन गेली. बाहुल्या स्वयंसेवकांनी केल्या आणि पैसा विणकरांसाठी गेला. पण हा उपाय साठलेल्या खराब मालापुरताच होता. माग दुरुस्त करायला वेगळा पैसा लागलाच.

कच्छचा अनुभव त्याहून लांब पल्ल्याचा आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात धमडका गाव उद्ध्वस्त झाले आणि तिथल्या पाण्याचाही प्रश्न उभा राहिला. अजरख या ठशांच्या पारंपरिक छपाईला योग्य पाणी लागते, त्यात लोह जास्त असले की रंग बिघडतात. म्हणून अनेक छपाई कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर ही नवी वस्ती वसवली. भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून २००५ मध्ये ‘खमीर’ ही संस्था उभी राहिली. तिने विणकरांना स्थानिक काला कापसाकडे पुन्हा वळवले. तिथे खरेदीचे काम वर्षानुवर्षे चालू राहिले, म्हणूनच त्याचा उपयोग झाला.

आता सोलापूरच्या मालाकडे. खरेपणा म्हणजे काय, याबाबत इथे गल्लत फार होते. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. ते सांगते की माल सोलापूरचा आहे. तो हाताने विणला आहे, असे ते सांगत नाही. आजची बहुतेक सोलापुरी चादर यंत्रमागावरच्या जकार्डवर विणली जाते आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही, कारण तिच्यावर पूर्व भागातली हजारो घरे चालतात. फसवणूक होते ती पानिपतचा स्वस्त माल ‘सोलापुरी’ म्हणून विकला जातो तेव्हा. अस्सल सुती चादरीची नक्षी दोन्ही बाजूंना दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते. कडेचा एक धागा काढून जाळा: सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते, पॉलिस्टरची कडक गोळी होते.

हातमागाचा माल हवा असेल तर २००६ पासून असलेली हँडलूम मार्कची पट्टी पाहा आणि कापडाचे काठही पाहा. विणताना पन्हा ताणून धरणाऱ्या पट्टीच्या टोकांची बारीक भोके काठावर अनेकदा दिसतात. सांगोला, मंगळवेढा भागातली घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची असते. सणगर विणकर तिला चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळे नवी घोंगडी ताठ आणि खरखरीत लागते. हातात घेताच मऊ वाटणारी ‘घोंगडी’ असेल तर तिचा धागा जाळून बघाच. लोकरीला केस जळल्याचा वास येतो.

पूरग्रस्त भागातून माल घ्यायचा असेल तर ऑर्डर द्यावी आणि थांबायची तयारी ठेवावी. समजा, एखाद्या गृहनिर्माण संस्थेने किंवा बँकेच्या कर्मचाऱ्यांनी दिवाळीभेटीसाठी ९०० रुपयांचा एक असे ४० नग ठरवले. एकूण ३६,००० रुपये झाले. त्यातले १८,००० आधी दिले तर फणी, सूत आणि ताणा यांची सोय होते आणि सावकाराकडे जावे लागत नाही. माल हाती पडायला दोन-अडीच महिने धरावेत. दिवाळी हुकत असेल तर संक्रांत ठरवावी, घाई करू नये. घाईत मागवलेला नग बहुधा बाहेरून उचललेला निघतो. घासाघीस करून भाव पाडला तर तो थेट विणाईच्या मजुरीतून जातो, कारण सुताचा भाव कारागिराच्या हातात नसतो.

विकणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात: माल कोणत्या गावात विणला, नगामागे विणाई किती दिली, आणि पैसे माल घेताना दिले की विकल्यावर. तिसऱ्या प्रश्नाला ‘विकल्यावर’ असे उत्तर आले तर विकण्याची सगळी जोखीम अजून कारागिराच्याच डोक्यावर आहे. अशा वेळी सरळ विणकर सहकारी संस्थेकडे किंवा बचत गटाकडे जावे आणि पुढच्या वर्षीचीही एक ऑर्डर आत्ताच बोलून ठेवावी.