ॲक्टिव्ह पिकअप : पॅसिव्हकडून वळताना

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसणारा आणि तारेच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारा भाग म्हणजे पिकअप. त्यात नुसते चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे असेल तर तो पॅसिव्ह. त्याच्याच पोटात बॅटरीवर चालणारा, सिग्नल वाढवणारा छोटा प्रीॲम्प असेल तर तो ॲक्टिव्ह. बहुसंख्य इलेक्ट्रिक गिटारी आजही पॅसिव्ह आहेत. ॲक्टिव्ह म्हणजे जास्त ताकदीचा, हा समज तालमीच्या खोलीत सर्रास ऐकू येतो, पण तो खरा नाही. भरपूर वेढ्यांचा पॅसिव्ह हंबकरही (दोन वेटोळ्यांचा पिकअप) ॲम्पला तेवढाच जोराचा सिग्नल देऊ शकतो. पॅसिव्ह पिकअपच्या आवाजात नॉब, केबल, पेडल आणि ॲम्प हे सगळे वाटेकरी असतात. ॲक्टिव्हमध्ये ही भागीदारी गिटारच्या आतच संपते. एकावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या वादकाला ज्या सवयी बदलाव्या लागतात, त्या बहुतेक सगळ्या इथूनच निघतात.

पॅसिव्ह पिकअपची कल्पना जॉर्ज बीचम यांची. त्यांची ‘फ्राइंग पॅन’ ही लॅप स्टील (मांडीवर आडवी ठेवून वाजवायची) गिटार १९३१-३२ मध्ये घडली, पेटंट मात्र १९३७ साली मिळाले. चुंबकाच्या क्षेत्रात पोलादी तार हलली की वेटोळ्यात वीज निर्माण होते, एवढेच त्यामागचे तत्त्व. ही वीज फार क्षीण असते, म्हणून वेढे हजारोंनी द्यावे लागतात. साध्या सिंगल कॉइलमध्ये (एकाच वेटोळ्याच्या पिकअपमध्ये) ते सात-आठ हजारांच्या घरात असतात आणि तार केसाइतकी बारीक. इतक्या वेढ्यांमुळे वेटोळ्याचा इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विद्युत अडथळा, वाढतो आणि तेच वेटोळे एरियलसारखे वागू लागते. ट्यूबलाइट, ट्रान्सफॉर्मर, डिमर यांचा सगळा गोंगाट ते उचलते. भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, अमेरिकेत ६० चा. त्यामुळे आपल्याकडची घरघर तिकडच्यापेक्षा थोड्या खालच्या सुरात लागते, हा विनोदाचा भाग सोडला तर त्रास सारखाच. १९५५ साली गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी उलट्या दिशेची दोन वेटोळी जोडून हंबकर केला आणि घरघर बरीचशी आटोक्यात आली.

इम्पीडन्स जास्त असण्याचा दुसरा परिणाम कमी लोकांच्या लक्षात येतो. वेटोळ्याचे इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) आणि केबलची कपॅसिटी (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून एक अनुनाद तयार होतो. एका ठरावीक वारंवारतेला आवाज उंचावतो आणि त्यापुढे झपाट्याने घसरतो. केबलची कपॅसिटी मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड आणि वेटोळ्याची स्वतःची तेवढीच धरली, तर २.५ हेन्रीच्या सिंगल कॉइलला ३ मीटरची केबल लावल्यावर हा उंचवटा ५,००० हर्ट्झच्या आसपास येतो. तीच केबल ६ मीटरची घेतली की तो ३,८०० वर उतरतो. केबल बदलली की गिटारचा आवाज बदलतो, हे जुन्या वादकांचे म्हणणे म्हणजे नुसता कानांचा भास नव्हे. आवाजातला गोडवा म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, त्यातला बराच भाग या उंचवट्याचा असतो.

ॲक्टिव्ह पिकअपमध्ये हिशेब उलटा मांडलेला असतो. वेटोळ्याला वेढे कमी द्यायचे, म्हणजे गोंगाट कमी उचलला जातो आणि वरच्या वारंवारता शाबूत राहतात. सिग्नल क्षीण होतो, तो लगेच तिथेच प्रीॲम्पने नेहमीच्या पातळीवर आणायचा. प्रीॲम्पमधून बाहेर पडणारा सिग्नल कमी इम्पीडन्सचा असल्यामुळे केबल लांब असो वा आखूड, त्याला फरक पडत नाही. कमी इम्पीडन्सच्या वेटोळ्यांचे वेड स्वतः गिटारवादक लेस पॉल यांना होते. १९६९ पासून गिब्सनने त्यांच्या नावाची तशी मॉडेल्स काढली, पण ती फारशी खपली नाहीत. ही वाट पुढे रुळवली ती कॅलिफोर्नियात रॉब टर्नर यांनी १९७६ साली सुरू केलेल्या कंपनीने, जी आज ईएमजी नावाने ओळखली जाते. तिचे ‘८१’ हे सिरॅमिक चुंबकाचे मॉडेल हेवी मेटलचे जणू ओळखपत्र झाले. मेटालिकाच्या जेम्स हेटफिल्ड आणि कर्क हॅमेट यांच्या गिटारींवर ते वर्षानुवर्षे दिसले. भरपूर गेन (ॲम्पमधली सिग्नलची वाढ) लावून तळहाताने तारा दाबून वाजवताना खालचे सूर गढूळ होत नाहीत, हे त्यामागचे कारण. पण ॲक्टिव्ह म्हणजे फक्त मेटल असे म्हणणाऱ्याने पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमर यांची लाल स्ट्रॅटोकास्टर गिटार ऐकावी. तिच्यात ईएमजीचेच सिंगल कॉइलच्या आकाराचे पिकअप होते आणि त्या आवाजाला कर्कश कोणी म्हणणार नाही. २०१४ मध्ये आलेल्या फिशमन कंपनीच्या फ्लुएन्स पिकअपने तारेचे वेढे काढून टाकून थरांच्या सर्किट बोर्डावर वेटोळी छापली आणि एकाच पिकअपमध्ये दोन-दोन आवाज दिले.

इथे एक गोंधळ टाळायला हवा. बॅटरी दिसली म्हणजे पिकअप ॲक्टिव्ह असे नाही. १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरे बास गिटारमध्ये पिकअप पॅसिव्हच आहे, ॲक्टिव्ह आहे तो त्यापुढचा टोन कंट्रोल. अशा वाद्याला पुढे येणारे बरेच नियम लागू होत नाहीत.

सवयींचा बदल

नवख्याला पहिला धक्का बसतो तो शांततेचा. गेन वाढवूनही ॲम्प गप्प. म्हणून गेन आणखी वाढवला जातो आणि मग आवाज दाबल्यासारखा, एकसुरी लागतो. पॅसिव्हसाठी लावलेली ॲम्पची आणि नॉइज गेटची (ठरावीक पातळीखालचा गोंगाट बंद करणाऱ्या यंत्राची) मांडणी तशीच ठेवली तर ॲक्टिव्ह पिकअप वाईटच वाजणार. गेन कमी करून, गेटची पातळी खाली आणून नव्याने सुरुवात करणे बरे. बासच्या कित्येक ॲम्पवर ॲक्टिव्ह वाद्यासाठी वेगळा जॅक किंवा बटण असते. त्याने येणारा सिग्नल थोडा उतरवला जातो.

दुसरा बदल व्हॉल्यूमच्या नॉबचा, आणि मुरलेल्या वादकाला हाच सर्वांत जड जातो. पॅसिव्ह गिटारीचा व्हॉल्यूम खाली आणला की आवाज कमी होतोच, शिवाय त्याची धारही मऊ होते. ॲम्प घसघशीत ठेवून फक्त करंगळीने नॉब फिरवत सोलोवरून मऊ साथीवर येणे ही एक कला आहे. ॲक्टिव्हमध्ये नॉब खाली आणला तरी तिखटपणा जसाच्या तसा राहतो, आवाज फक्त लहान होतो. हे अनेकांना निर्जीव वाटते. मऊपणा हवा तर टोनचा नॉब वापरावा लागतो किंवा पेडलवर पाय न्यावा लागतो.

फझ पेडलचे (आवाज मुद्दाम फाडणाऱ्या पेडलचे) तर जमतच नाही. फझ फेससारख्या जुन्या रचनेच्या पेडलचा इनपुट इम्पीडन्स फार कमी असतो. पिकअपचे वेटोळे थेट समोर आहे असे धरूनच ते वाजते. मधे प्रीॲम्प आला की आवाज पत्र्यासारखा होतो आणि व्हॉल्यूम कमी करून तो निवळतही नाही. ज्यांचा सगळा आवाज अशा पेडलवर उभा आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये असे माझे मत.

पिकअपच्या उंचीबाबत मात्र मोकळीक वाढते. पॅसिव्ह सिंगल कॉइलचे जोरदार चुंबक तारांच्या फार जवळ आणले तर तारेला ओढतात, सूर डगमगतात. बऱ्याच ॲक्टिव्ह पिकअपमध्ये चुंबकाची ओढ सौम्य असते, म्हणून ते जवळ नेता येतात. प्रत्येक तारेखालच्या चुंबकाच्या सहा वेगळ्या खिळ्यांऐवजी आत सलग पट्टी असेल तर तार ताणून बेंड करताना दोन खिळ्यांमधल्या जागेत आवाज बसत नाही. जोर जास्त वाटला तर मात्र स्क्रू फिरवून पिकअप खाली उतरवणे हाच पहिला, फुकटचा उपाय.

बॅटरी आणि बसवणे

बॅटरी म्हणजे नऊ व्होल्टची चौकोनी. तिचा बटण-स्विच असतो जॅकमध्येच. गिटारला स्टिरिओ जॅक असतो आणि साधी मोनो केबल खुपसली की तिची दांडी दोन संपर्क जोडून बॅटरी चालू करते. केबल लावून ठेवली की बॅटरी संपते हे खरे, पण भीती जरा जास्तच आहे. ईएमजी ८१ अवघे ८० मायक्रोॲम्पिअर ओढतो. दोन पिकअप आणि ५०० मिलिॲम्पिअर-तासांची अल्कलाइन बॅटरी धरली तर कागदावर ३,००० तासांहून जास्त होतात. एका रात्रीने काहीच बिघडत नाही. फ्लुएन्सची भूक मात्र कितीतरी मोठी आहे, तिथे केबल काढणे ही शिस्तच हवी. बॅटरी उतरू लागली की आवाज एकदम जात नाही. आधी जोराचा ठोका फाटू लागतो, मग सगळाच आवाज पातळ होतो. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी स्वस्त कार्बन-झिंक बॅटरी घेण्याचा मोह टाळावा. ती लवकर उतरते आणि वर्षभर विसरली तर पाझरून क्लिपला गंज चढवते. काही वादक दोन बॅटऱ्या जोडून १८ व्होल्ट देतात. त्याने आवाज मोठा होत नाही, फक्त जोराच्या ठोक्याला फाटण्याआधी जास्त वाव मिळतो.

अदलाबदल करताना पॉटही (नॉबखालचे बदलते रोध) बदलावे लागतात. पॅसिव्हसाठी सिंगल कॉइलला २५० आणि हंबकरला ५०० किलो-ओहमचे पॉट चालतात, ॲक्टिव्हला २५ चे. ॲक्टिव्हला ५०० चा पॉट ठेवला तर नॉब स्विचसारखा वागतो, सगळा फरक शेवटच्या थोड्याशा फिरवण्यात उरकतो. उलट पॅसिव्हला २५ चा पॉट लावला की आवाज घोंगडी टाकल्यासारखा मंद होतो. म्हणूनच एका गिटारीत एक पिकअप ॲक्टिव्ह आणि एक पॅसिव्ह ही जोडी दिसते तितकी सोपी नाही. बॅटरीची जागा हा वेगळाच प्रश्न. लेस पॉल ढंगाच्या गिटारीत नॉबमागच्या पोकळीत ती कशीबशी मावते. नाही मावली तर लाकूड कोरावे लागते, आणि कोरलेले लाकूड परत येत नाही. जुने पिकअप, पॉट, वायरी एका पिशवीत नीट ठेवून द्याव्यात.

बसवताना ब्रिजला जाणारी अर्थची वायर पॅसिव्हमध्ये लागतेच, कारण तारांना हात लागला की घरघर कमी होते ती तिच्यामुळे. ईएमजीसारख्या पिकअपना तिची गरज नसते. आपल्याकडे मंडपात, जनरेटरवर, अर्थिंगचा पत्ता नसलेल्या रंगमंचावर वाजवणाऱ्यांच्या दृष्टीने हा मुद्दा मोठा आहे. तारा अर्थला जोडलेल्या असतील आणि माइकची बाजू वेगळ्या पातळीवर असेल, तर गाताना ओठांना चटका बसतो. वायर नसेल तर तारांमार्गे तो रस्ता बंद होतो. जॅकची धातूची पट्टी आणि केबलचे टोक मात्र जोडलेलेच राहते, त्यामुळे त्याच्या भरवशावर खराब वायरिंगकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे.

उलटा प्रवासही होतो. वर्षानुवर्षे ॲक्टिव्ह वाजवलेला माणूस पॅसिव्हवर आला की त्याला गिटार बिघडल्यासारखी वाटते. घरघर येते, दहा मीटरच्या केबलमध्ये धार हरवते, खोलीत कुठे तोंड करून उभे राहावे हेही महत्त्वाचे ठरते. केबल आखूड करून किंवा पहिल्याच पेडलला बफर (सिग्नलचा इम्पीडन्स उतरवणारे छोटे सर्किट) देऊन अर्धी तक्रार मिटते. उरलेल्या अर्ध्यासाठी ट्यूबलाइट बंद करावी, चार्जर भिंतीतून काढावा आणि ॲम्पकडे थोडे तिरके वळून उभे राहावे.