बिघडलेल्या जनुकाला हात न लावता

'सिकलसेलचं बिघडलेलं जनुक आता क्रिस्परने दुरुस्त करतात ना?' क्रिस्पर म्हणजे डीएनए ठरावीक जागी कापणारं तंत्र. त्यावर आधारलेल्या कॅसजेव्ही या उपचाराला २०२३च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मान्यता दिली, तेव्हापासून हा प्रश्न ऐकतोय. विदर्भात आणि नंदुरबारकडे तांबड्या पेशींना विळ्यासारखा आकार देणारा हा रक्ताचा आजार ओळखीचा, म्हणून एकदा नीट सांगतो: या उपचारात त्या जनुकाला कोणी बोटही लावत नाही.

गर्भात आपलं हिमोग्लोबिन वेगळं असतं. अल्फा साखळीच्या जोडीला तिथे बीटा नव्हे, गॅमा साखळी असते. जन्माच्या सुमारास गॅमाचं जनुक मिटत जातं, बीटाचं उघडतं. सिकलसेलचा दोष बीटात आहे, त्यामुळे बाळ पहिले काही महिने ठणठणीत असतं.

गॅमाला मिटवतं कोण? बीसीएल११ए नावाचं प्रथिन. गॅमा जनुकाचं वाचन जिथे सुरू होतं, त्याच्या साधारण ११५ डीएनए-अक्षरं अलीकडे टी-जी-ए-सी-सी-ए अशी सहा अक्षरं आहेत. हे प्रथिन नेमकं तिथे ठाण मांडतं आणि हिस्टोनवरचे (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरचे) अ‍ॅसिटिल गट काढणाऱ्या विकरांना बोलावून घेतं. गट निघाले की डीएनए हिस्टोनच्या रिळांना घट्ट बिलगतो आणि जनुक वाचणाऱ्या आरएनए पॉलिमरेज या विकराला शिरायला फट उरत नाही.

मग बीसीएल११एच उडवलं तर? ते बी लिम्फोसाइटना, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींना लागतं, खुद्द रक्ताच्या मूळपेशींनाही लागतं. खरी गंमत इथे आहे. बीसीएल११एच्याच जनुकाच्या पोटात, एका इंट्रॉनमध्ये (प्रथिनाच्या कृतीत न येणाऱ्या तुकड्यात), एक एनहान्सर, म्हणजे जनुकाचं काम वाढवणारा डीएनएचा तुकडा, दडलाय. तांबड्या पेशी घडताना गाटा१ हे प्रथिन त्यावर बसतं, तेव्हाच तो कामाला लागतो. क्रिस्परची कात्री चालते ती गाटा१च्या या बैठकीवर. तांबड्या पेशींच्या वंशात बीसीएल११ए घटतं, गॅमा पुन्हा उघडतं आणि गर्भातलं बिनदोष हिमोग्लोबिन सदोष बीटाची उणीव भरून काढतं. बी लिम्फोसाइटचा कारभार सुरळीत चालू राहतो.

'डीएनए जागृती'ची, म्हणजे झोपलेला डीएनए जागा करून देण्याची शिबिरं भरवणाऱ्यांनी पुढचंही ऐकावं. एक जनुक जागं करायला मूळपेशी बाहेर काढाव्या लागतात, केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, मग कात्री लावलेल्या पेशी परत सोडतात. अमेरिकेत जाहीर झालेली किंमत २२ लाख डॉलर.

आणि हा फेरफार फक्त रक्ताच्या मूळपेशींत होतो. बऱ्या झालेल्या रुग्णाच्या मुलांकडे सिकलसेलचं जनुक पूर्वीसारखंच जातं.