कोल्हापूर ते बागडोगरा : ते ‘अडीच तास’ कुठून येतात?

आमच्या ट्रॅव्हल ऑफिसात दार्जिलिंग-सिक्कीमची चौकशी आली की फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. “नेटवर विमानाला अडीच तास दाखवतंय, तुम्ही अख्खा दिवस कसा काय धरला?” तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून हे पत्रक.

आकडा खोटा नाही. उजळाईवाडी (आपला कोल्हापूरचा विमानतळ) ते बागडोगरा (दार्जिलिंग-सिक्कीमसाठी उतरायचा, सिलिगुडीजवळचा विमानतळ) हवाई अंतर साधारण १,८२५ किलोमीटर भरतं. जेट विमान ताशी आठशेच्या आसपास जातं. भागाकार करून चढ-उताराची थोडी मिनिटं मिळवली की अडीच-पावणेतीन तास येतात. फक्त तसं थेट विमानच नाही.

मधे बदलावंच लागतं. हैदराबादमार्गे दोन्ही टप्पे मिळून सुमारे १,९०० किलोमीटर, म्हणजे सरळ रेषेपेक्षा जेमतेम ऐंशी जास्त. मुंबईमार्गे २,१००, बेंगळुरूमार्गे २,४००च्या घरात. म्हणून वेळा जुळत असतील तर आम्ही आधी हैदराबाद बघतो.

आता खरी मेख. पुष्कळ जण ॲपवर दोन टप्प्यांची दोन स्वस्त तिकिटं वेगवेगळी काढतात. मधे दीड तास दिसतो, भरपूर वाटतो. पण पीएनआर (बुकिंग क्रमांक) दोन असले की दुसऱ्या विमानाला तुम्ही पहिल्यातून येताय हे माहीतच नसतं. हैदराबादला सामान बेल्टवरून उचलायचं, बाहेर यायचं, परत काउंटर, परत सुरक्षा तपासणी. सामान घेणारा काउंटर बहुतेक ठिकाणी उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. म्हणजे तुमच्या हातात खरा वेळ अर्धा तास! गेल्या दिवाळीत आमच्या एका जुन्या ग्राहकाचं असंच झालं. पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा, त्यात भडंगाचा डबा असलेली बॅग बेल्टवर सगळ्यांत शेवटी आली. चौघांची पुढची तिकिटं गेली, नवी त्याच दिवसाच्या भावानं घ्यावी लागली.

एकाच पीएनआरवर असाल तर सामान सहसा थेट बागडोगऱ्याला उतरतं, आणि पहिल्या विमानामुळे दुसरं हुकलं तर पुढची सोय विमान कंपनी बघते. म्हणून आमचं भाडं कधी थोडं जास्त दिसतं, मधे तीन-चार तास बसावंही लागतं. “तिथं बसून काय करायचं?” म्हणून कुरकुर होते. होऊ दे.

आणखी एक गोष्ट नकाशा सांगत नाही. घड्याळ एकच असलं तरी बागडोगऱ्याला सूर्य आपल्यापेक्षा जवळपास तासभर आधी मावळतो. डिसेंबरात पाचच्या आत अंधार पडायला लागतो. तिथून दार्जिलिंग तीन-साडेतीन तास, गंगटोक चार-पाच तास, सगळा घाटरस्ता. त्यामुळे दुपारी दोननंतर उतरणाऱ्यांना आम्ही पहिली रात्र सिलिगुडीतच सुचवतो. हॉटेलचं कमिशन मिळतं म्हणून नव्हे. आजी-आजोबा सोबत असताना तिस्ता नदीच्या कडेकडेनं रात्री गाडी काढू नये, म्हणून. पावसाळ्यात त्या रस्त्यावर दरडीही येतात, तेव्हा तर मुळीच नको.

तिकीट तुम्हीच काढणार असाल तरी हरकत नाही. पैसे भरण्याआधी स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर टाका, बघून सांगायचे आम्ही पैसे घेत नाही. फक्त पूर्ण पान पाठवा. बहुतेकांच्या फोटोत भाडं ठळक दिसतं आणि वेळा नेमक्या कापल्या गेलेल्या असतात.