बसायचं एक, झोपायचं एक, फोम मात्र तोच

कॅम्पर व्हॅनमध्ये, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय केलेल्या गाडीत, जागा इतकी मोजकी असते की दिवसाचा बाक हाच रात्रीचा पलंग होतो. तो निवडताना बहुतेकांचं लक्ष जातं यंत्रणेकडे: किती झटक्यात उघडतो, बिजागऱ्या किती दणकट, कापड कोणत्या रंगाचं. गादीची परीक्षा तळहाताने दोनदा दाबून उरकली जाते. खरी मेख मात्र गादीतच आहे. बसणाऱ्याला आणि झोपणाऱ्याला फोमकडून हव्या असलेल्या गोष्टी जवळजवळ एकमेकींच्या उलट आहेत, आणि तळहाताला त्यातलं काहीच कळत नाही.

आपण ताठ बसतो तेव्हा शरीराच्या वजनाचा मोठा भाग कमरेच्या हाडाच्या खालच्या दोन टोकांवर येतो. लाकडी स्टुलावर बसून थोडं डुललं की ही दोन्ही टोकं टोचून स्वतःच आपली जागा दाखवतात. एवढ्याशा जागेवर एवढा भार, म्हणून बसायला फोम जाड आणि बऱ्यापैकी कडक लागतो. आडवं झाल्यावर तेच वजन डोक्यापासून टाचांपर्यंत पसरतं आणि दाब कितीतरी कमी होतो. पण कुशीवर वळलात की खांदा आणि खुबा पुढे येतात. ते दोन्ही गादीत रुतले पाहिजेत, आणि मधल्या कमरेच्या खळग्याला मात्र खालून आधार मिळाला पाहिजे. बसायला उत्तम असलेल्या कडक बाकावर हे होत नाही. त्वचेतल्या बारीक केशवाहिन्यांमधला रक्ताचा दाब ३० मिमी पाऱ्याच्या आसपास असतो. बाहेरून त्याहून जास्त दाब बराच वेळ राहिला की तिथला रक्तपुरवठा मंदावतो, तो भाग अवघडतो आणि आपण झोपेतच कूस बदलतो. अंथरूण कडक असेल, तर रात्र अशा कुशी बदलण्यातच जाते.

आता फोमच्या आत डोकावू. ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीत पॉलियुरेथेनचा शोध लावला; गादीतला फोम बहुधा याच प्लास्टिकचा असतो. त्याचा मऊ फोम बनवताना रसायनांच्या मिश्रणात थोडं पाणी असतं. पाण्याची मिश्रणातल्या आयसोसायनेट या रसायनाशी अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड निघतो, मिश्रण फसफसून फुगतं आणि फुगलेल्या अवस्थेतच घट्ट होतं. घन पॉलियुरेथेनची घनता दर घनमीटरला १,२०० किलोच्या आसपास असते. गादीतला ३० किलो घनतेचा फोम म्हणजे अडीच टक्के पदार्थ, बाकी सगळी हवा.

हा फोम दाबला जातो तीन टप्प्यांत. सुरुवातीला हवेच्या पोकळ्यांभोवतीच्या फोमच्या बारीक काड्या किंचित वाकतात आणि फोम स्प्रिंगसारखा उलट जोर देतो. मग काड्या एकामागून एक मुडपू लागतात. या टप्प्यात भार थोडासा वाढला तरी फोम बराच खाली जातो. आपल्याला ‘आरामदायक’ वाटतं ते इथे. शेवटी काड्या एकमेकींना टेकतात, दबायला काही उरत नाही आणि फोम एकदम टणक होतो. ५ सेंमी जाडीच्या कुशनवर बसणारा माणूस थेट या तिसऱ्या टप्प्यात पोचतो. त्याला खालची फळी लागते, आणि फोम कितीही महागाचा असला तरी ती लागतेच. तळहाताची चाचणी फसते ती यामुळेच. हात फार तर दुसऱ्या टप्प्याच्या दारापर्यंत जातो.

फोमबद्दलचा सर्वात चिवट गैरसमज म्हणजे जास्त घनता म्हणजे जास्त कडकपणा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घनतेवरून मुख्यतः टिकाऊपणाचा अंदाज येतो, म्हणजे गादी किती लवकर खचेल याचा. कडकपणा वेगळा मोजतात: १० सेंमी जाडीच्या तुकड्यात २० सेंमी व्यासाची चकती जाडीच्या पाव भागाइतकी आत दाबायला किती बळ लागतं ते पाहतात. जास्त घनतेचा पण मऊ फोम असतो, तसाच हलका पण कडकही असतो. हा दुसरा प्रकार दुकानात छान वाटतो आणि लवकर खचतो. घनतेचा आकडाही डोळे मिटून मानू नये, कारण स्वस्त फोममध्ये खनिज भुकटी मिसळून वजन वाढवता येतं. त्याहून उपयोगी आकडा म्हणजे ६५ टक्के दाबायला लागणाऱ्या बळाला २५ टक्के दाबायला लागणाऱ्या बळाने भागून येणारं गुणोत्तर. साध्या फोममध्ये ते २ च्या आसपास येतं, ‘एचआर’ म्हणून मिळणाऱ्या जास्त लवचीक फोममध्ये त्याहून वर. गुणोत्तर मोठं असेल तर फोम वरून मऊ लागतो पण खोलवर आधार देतो, आणि दुहेरी कामाच्या बाकाला हेच हवं असतं.

एकाच फोमकडून दोन्ही कामं करून घेण्याच्या फंदात पडू नये, असं माझं मत. बाकाला साधारण १० सेंमी जाडीचा, ३५ ते ४० किलो घनतेचा कडकसर एचआर फोम घ्यावा आणि रात्री वरून पसरायला ४-५ सेंमीचा मऊ थर वेगळा ठेवावा. दिवसा तो गुंडाळून ठेवायची कटकट आहे, मान्य. पण हा थर आणखी एक दुखणं बरं करतो: कुशनांचे सांधे. टेबल खाली करून त्यावर पाठीच्या गाद्या मांडल्या की बिछाना तीन-चार तुकड्यांचा होतो. त्यातला सांधा खुब्याखाली किंवा खांद्याखाली आला, तर भार नेमका फटीवर पडतो आणि कुशनं हळूहळू दूर सरकतात. सांधा मांडीखाली येईल अशी मापं आखली तर फारसा जाणवत नाही.

वरचा थर मेमरी फोमचा घ्यावा का? हा फोम १९६६ मध्ये चार्ल्स योस्ट यांनी नासाच्या एम्स केंद्रासाठी विमानाच्या सीटवर काम करताना तयार केला. शरीराच्या उबेने तो मऊ होतो आणि अंगाचा आकार घेतो. पण व्हॅन रात्री बाहेरच्या हवेबरोबर गार होते आणि गार मेमरी फोम फळीसारखा लागतो. थंडीत फिरणाऱ्याने लॅटेक्स (रबराचा फोम) किंवा साधा मऊ फोम पाहावा.

व्हॅनमधल्या बिछान्याचा खरा शत्रू ओल आहे. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रीत साधारण २०० ग्रॅम पाणी बाहेर टाकतो, म्हणजे दोघांचं मिळून ४००. १० घनमीटरच्या व्हॅनमधली हवा १० अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त ९४ ग्रॅम वाफ धरू शकते, २० अंशांना १७३. बाकीचं पाणी हवेबरोबर बाहेर गेलं नाही, तर मिळेल त्या गार पृष्ठभागावर बसतं. काचा घामेजतात ते दिसतं. गादीखाली काय चाललंय ते दिसत नाही.

गादीच्या वरच्या बाजूला अंगाची तिशीपलीकडची ऊब, खाली कदाचित ८ अंशांची प्लायवूडची फळी. फोमच्या पोकळ्या एकमेकींत उघडतात, त्यामुळे वाफ त्यातून झिरपत खाली जाते आणि थंड फळीजवळ तिचं दव होतं. सकाळी बिछाना दुमडून बाक केला की ही ओल आतच कोंडली जाते. सापेक्ष आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि मग गादीचा वास जाता जात नाही. प्लायला भोकं पाडून काम थोडंसंच होतं, कारण भोकांमधली फळी गादीला चिकटलेलीच असते. गादी आणि फळी यांच्यात हवा खेळवणारी जाळी किंवा लाकडी पट्ट्या हव्यात. दोन कंगवे एकमेकांत घालावेत तशा पट्ट्या एकमेकींत सरकणारा ओढता पलंग मला म्हणूनच सर्वात पटतो. बंद केला तर बाक, ओढला तर पलंग, आणि खालून वारा आपोआप. वजनही वाचतं. १९० बाय १३० सेंमीच्या पलंगाला १८ मिमीचा बर्च प्लाय वापरला तर नुसती फळी ३० किलोची होते, त्यावरचा १० सेंमीचा फोम दहाचाही भरत नाही. वजन कमी करायला लोक गादी पातळ करतात, ते उगाचच.

खोळ श्वास घेणाऱ्या कापडाची आणि चेन असलेली असावी, म्हणजे काढून धुता येते. रेक्झिन पुसायला सोपं, पण वाफ अडवतं आणि अंग चिकट करतं.

या बाकावर गाडी चालू असताना कोणी बसणार असेल, तर सगळा हिशेबच बदलतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून ०.१ सेकंदात थांबली, तर ७० किलोच्या माणसाला थांबवायला सरासरी ९,७०० न्यूटन बळ लागतं, म्हणजे जवळपास एक टन वजनाइतका ओढा. प्लायच्या खोक्यात स्क्रूने बसवलेला सीटबेल्टचा पट्टा तो सोसणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियम १४ मधल्या चाचणीत कारच्या तीन-बिंदू पट्ट्याच्या खांद्याच्या आणि कमरेच्या भागांवर एकाच वेळी प्रत्येकी सुमारे १३,५०० न्यूटनचा ओढ देतात. त्यामुळे प्रवासी सीट चाचणी झालेली आणि गाडीच्या सांगाड्याला जोडलेलीच घ्यावी. तिच्यावर घरचा जाड मऊ फोमही टाकू नये. धडकेच्या वेळी माणूस मऊ फोमात खाली दबतो आणि कमरेच्या पट्ट्याखालून पुढे घसरतो. मग पट्टा हाडाऐवजी पोटात रुततो. शिवाय बसलेलं शरीर सेकंदाला ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या हादऱ्यांना सर्वात हळवं असतं, आणि फोमची सीट ४ च्या आसपासचे हादरे कमी करण्याऐवजी वाढवते.

फोम कापून घेण्याआधी त्याच जाडीचा तुकडा कडक फळीवर ठेवून पाहावा. त्यावर अर्धा तास बसावं, मग वरचा थर टाकून वीस मिनिटं कुशीवर पडावं. फोम भाराखाली हळूहळू आणखी दबत जातो, त्यामुळे पहिल्या मिनिटातलं मत धरायचं नाही. खांद्याखाली फळी लागली तर वरचा थर जाड करावा, आणि कंबर लोंबकळत असेल तर तो बदलून जरा कडक घ्यावा.