टेक्सासमध्ये थकीत मालमत्ता करापोटी लिलावात निघालेलं घर घ्यायचंय?

ह्यूस्टन-डॅलसकडच्या मराठी घरांत फराळाच्या ताटांवरून हा विषय हमखास निघतो: 'काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) लिलावात घर म्हणे निम्म्या किमतीत मिळतं.' कधीकधी मिळतंही. पण ते पूर्णपणे तुमचं व्हायला सहा महिने ते दोन वर्षं लागू शकतात, हे सांगायचं राहून जातं.

काही राज्यांत थकबाकीचं नुसतं प्रमाणपत्र विकतात. टेक्सासमध्ये कोर्टाचा निकाल झाला की थेट मालमत्ताच लिलावात निघते. लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत. तो १ जानेवारी किंवा ४ जुलैला आला, तर बुधवारी. लिलाव शेरीफ किंवा कॉन्स्टेबल, म्हणजे काउंटीचा पोलीस अधिकारी घेतो. काही काउंट्यांत ऑनलाइन होतो.

नागरिकत्वाची किंवा ग्रीन कार्डची अट नाही, एच-वन-बीवरचा माणूसही बोली लावू शकतो. सप्टेंबर २०२५ पासून परकीयांच्या खरेदीवर आलेल्या निर्बंधांत चीन, इराण, उत्तर कोरिया आणि रशिया ही नावं आहेत, भारत नाही.

कागदांत खरा महत्त्वाचा एकच: त्या काउंटीत तुमच्या नावावर कर थकलेला नाही, असा कर कार्यालयाचा लेखी दाखला. फी जास्तीत जास्त १० डॉलर, मुदत ९० दिवस. तो मिळायला वेळ लागतो, म्हणून लिलावाच्या आठवड्यात धावपळ करू नका. आणि नावाकडे नीट बघा. ज्याने बोली जिंकली त्याच्याच नावावर डीड (खरेदीखत) होतं. दाखला नवऱ्याचा आणि डीडवर बायकोचं किंवा एलएलसीचं (स्वतःच्या कंपनीचं) नाव, असं चालत नाही. याशिवाय ओळखपत्र आणि पैसे: बहुतेक ठिकाणी कॅशियर्स चेक (बँकेने स्वतः दिलेला चेक), तोही त्याच दिवशी. गृहकर्ज मंजूर होईपर्यंत कुणी थांबत नाही.

आता मूळ मालकाचा हक्क. तो राहतं घर, शेतजमीन किंवा खनिजांचे हक्क दोन वर्षांत पैसे भरून सोडवून घेऊ शकतो, बाकीच्या मालमत्ता १८० दिवसांत. ही मुदत डीडची नोंदणी झाल्यापासून मोजतात, लिलावाच्या दिवसापासून नाही. समजा तुम्ही ४०,००० डॉलरला राहतं घर घेतलं आणि सातव्या महिन्यात मालक पैसे घेऊन आला. त्याने तुमचे ४०,०००, नोंदणीचा खर्च, तुम्ही भरलेला कर आणि या सगळ्यावर २५ टक्के, म्हणजे किमान १०,००० डॉलर द्यायचे. दुसऱ्या वर्षी आला तर ५० टक्के. ऐकायला छान वाटतं, पण नवं किचन बसवून बसलात तर तो खर्च गेला. जपणूक, विमा, नियमाने भाग पडलेली दुरुस्ती असाच खर्च परत मिळतो. मुदत संपेपर्यंत फरशीलाही हात लावू नका, हे माझं स्पष्ट मत.

डीड हमीशिवायचं असतं, म्हणजे मालकी निर्वेध असल्याची खात्री कुणी देत नाही. निकालानंतर साचलेला कर तुमच्यावर येतो. मालकाने केंद्राचा आयकर थकवला असेल, तर आयआरएसलाही (केंद्राच्या कर खात्याला) मालमत्ता सोडवून घ्यायला किमान १२० दिवस मिळतात. आत कुणी राहत असेल, तर त्याला बाहेर काढणं तुमच्याच गळ्यात. म्हणून बोलीआधी वकिलाकडून टायटल (मालकी हक्क) तपासून घ्या. त्या दोन-चारशे डॉलरांत कंजुषी करू नये.

जागा मात्र स्वतः पाहा. यादीत 'लॉट' (भूखंड) म्हणून झळकणारी स्वस्त जमीन कधी दोन कुंपणांमधली जेमतेम हातभर रुंदीची पट्टी निघते. अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (करासाठी मालमत्तेचं मूल्य ठरवणाऱ्या कार्यालयाच्या) संकेतस्थळावरचा नकाशा उघडला, की ते दहा मिनिटांत कळतं.

ज्या मालमत्तेला बोलीच लागत नाही, ती काउंटी, शहर किंवा शाळा जिल्ह्याकडे जाते आणि पुढे पुन्हा विकायला निघते. तिथे घाईगर्दी कमी, त्यामुळे नवख्याने त्या यादीपासून सुरुवात करायला हरकत नाही. फक्त ती आधी कुणीच का घेतली नाही, हे एकदा तिथे जाऊन बघून या.