मोटर थांबली, पण टोक अजून हलतंय

मापन यंत्राचा फिरणारा आर्म ठरलेल्या कोनात येऊन थांबतो, एन्कोडर (कोन मोजणारा सेन्सर) म्हणतो पोचलो, स्क्रीनवरचा आकडाही स्थिर, आणि तरी लगेच घेतलेलं रीडिंग चुकतं. कारण एन्कोडर मोटरच्या शाफ्टवर आणि प्रोब, म्हणजे प्रत्यक्ष मोजणारा भाग, पार दुसऱ्या टोकाला. मधला आर्म कितीही दणकट दिसला तरी किंचित लवतोच, त्यामुळे ब्रेक लागला की टोक पुढे जातं, मग मागे, मग परत पुढे. अर्ध्या मीटरचा आर्म एका आर्कसेकंदाने (अंशाचा 3600 वा भाग) जरी हलला तरी टोकाला 2.4 मायक्रॉनचा फरक पडतो.

मग थांबा की जरा! थांबता येतं, पण धातूच्या आर्ममधे डॅम्पिंग, म्हणजे थरथर आपोआप विरणं, फारच कमी. समजा थरथरीची फ्रिक्वेन्सी 10 हर्ट्झ, डॅम्पिंग रेशो (थरथर किती लवकर विरते त्याचं माप) 0.01, तर 100 मायक्रॉनची थरथर 1 मायक्रॉनवर यायला सात सेकंदांच्या वर लागतात, आणि हे प्रत्येक पॉइंटला. आर्म जाड केला तर जडत्व वाढतं, मग मोटर मोठी लागते, म्हणजे तेही एका मर्यादेपर्यंतच.

खरी गंमत पुढे आहे. ही थरथर मोटरला दिलेल्या आपल्याच कमांडमुळे उठते ना, मग ती कमांडमधेच मारायची. मुरलेला क्रेन ऑपरेटर काय करतो, क्रेन निम्मं अंतर नेऊन थांबवतो, लोंबता माल झोका घेत पुढे जातो आणि झोक्याच्या टोकाला क्षणभर थांबतो, नेमकं तेव्हा हा उरलेलं निम्मं अंतर कापतो, की माल जागच्या जागी शांत. ओ. जे. एम. स्मिथ यांनी 1957 मधे हेच गणितात बसवलं, नाव दिलं पॉसिकास्ट. पुढे एमआयटीच्या नील सिंगर आणि वॉरन सीरिंग यांचा 1990 चा पेपर आला आणि इनपुट शेपिंग रुळलं: कमांडचे दोन तुकडे, दुसरा अर्ध्या आवर्तनाने उशिरा, दोन्हींच्या थरथरी एकमेकींना खातात. आपल्या 10 हर्ट्झच्या आर्मला याची किंमत फक्त 0.05 सेकंद!

अडचण एकच, फ्रिक्वेन्सी नीट माहीत हवी. ती 10 टक्के चुकली तर साधारण 16 टक्के थरथर उरते, आणि नुसता जड प्रोब लावला तरी फ्रिक्वेन्सी खाली येते. म्हणून कमांडचे दोनाऐवजी तीन तुकडे करणारा शेपर वापरतात, पाव, अर्धा, पाव. तेवढ्याच चुकीला उरते जेमतेम अडीच टक्के, उशीर मात्र 0.1 सेकंद. माझं मत विचाराल तर प्रोब बदलत असतील तिथे डोळे झाकून हाच घ्यावा. बाकी बाहेरून येणारे धक्के, शेजारच्या मशीनचे वगैरे, याने अजिबात थांबत नाहीत, त्यासाठी यंत्राच्या पायाखाली धक्के अडवणारे आयसोलेटरच लागतात.